मोडीच्या भावात जाणारा जपानी पैसा

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या आमच्या दुकानात एक वयस्कर खाला आल्या. नातीच्या लग्नासाठी चादरी आणि अस्तराचे कापड घ्यायचे होते. पसंती झाली, भाव ठरला, आणि पैसे काढताना त्यांनी बटव्यातून सहा तपकिरी नाणी काउंटरवर ठेवली. म्हणाल्या, "बेटा, ये देख. तांबेवाला चालीस रुपये बोल रहा, दे दूँ क्या?"

आम्ही चष्मा लावला. दोन नाणी मोठी, चार त्याहून लहान. एका बाजूला वेटोळे घातलेला ड्रॅगन, म्हणजे उर्दूतला अजदहा, आणि कडेने अशी अक्षरे की जी उर्दू नाहीत, नागरी नाहीत, इंग्रजीही नाहीत. फक्त खाली रोमन लिपीत 'सेन' एवढा शब्द. शेजारच्या सराफाच्या काट्यावर सहाही नाणी मिळून 57 ग्रॅम भरली. म्हणजे पाच तोळ्यांना थोडे कमी. तांबेवाल्याने हिशेब चोख केला होता, धातूचा भाव त्याने बरोबर लावला. पण नाणे आणि मोड ह्यांत फरक असतो, आणि तो न कळल्यामुळे वऱ्हाडातल्या किती घरांतून असे डबे भट्टीत गेले असतील, ते अल्लाहलाच माहीत. कापडाच्या धंद्याबरोबर आम्हाला हा नाण्यांचा शौक पस्तीस वर्षांपासून आहे. त्यातले जे थोडेबहुत कळले ते ह्या पानावर द्यावे असे वाटले.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की जपानचा पैसा अकोला-अमरावतीत आला कसा? त्याचे उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. हा शब्द आपल्या उमरावतीवरूनच पडला. धागा आखूड, पण भाव परवडणारा. विलायतेच्या गिरण्यांना तो फारसा पसंत नव्हता. जपानच्या गिरण्यांनी मात्र तो दुसऱ्या कापसात मिसळून कातण्याची कला साधली. 1893 मध्ये निप्पॉन युसेन कैशा ह्या जपानी जहाज कंपनीने मुंबईशी थेट फेरी सुरू केली. त्यामागे जमशेदजी टाटांची खटपट होती, कारण इंग्रजी जहाजवाले भाड्यात मनमानी करीत. 1896 मध्ये जपानने बाहेरच्या कापसावरची जकात उठवली. मग काय, जपान आपल्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. गाठी मुंबईहून कोबे बंदरात उतरत, आणि कोबेच्या शेजारी ओसाका. ओसाकाला तेव्हा पूर्वेचे मँचेस्टर म्हणत.

आता गंमत पाहा. हीच ओसाका जपानच्या सरकारी टांकसाळीचे गाव आहे. 1871 मध्ये ती सुरू झाली. यंत्रे हाँगकाँगच्या बंद पडलेल्या टांकसाळीतून विकत आणली होती. त्याच वर्षी नवा कायदा झाला: 1 येन म्हणजे 100 सेन, 1 सेन म्हणजे 10 रिन. म्हणजे ज्या शहरात आपला कापूस कातला जाई, त्याच शहरात खालांच्या बटव्यातली ही नाणी पडली. एकीकडे गाठी गेल्या, आणि दुसरीकडून खलाशांच्या, दलालांच्या, मुनिमांच्या खिशातून सुटे पैसे आले. जहाजांवर कोकणातले आपले बांधव मोठ्या संख्येने असत, त्यांनी आणलेले पैसे मुंबईच्या नातलगांत वाटले जात, आणि तिथून माहेर-सासरच्या वाटेने कुठे कुठे पोहोचत. खालांचे सासरे अकोल्यात कापूस दाबण्याच्या प्रेसमध्ये होते आणि त्यांचा एक भाऊ बोटीवर होता, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यावरून आम्ही जास्त काही म्हणत नाही.

दुसरी एक वाट युद्धानंतरची. जपान हरल्यावर 1946-47 मध्ये तिथे दोस्तांच्या फौजा होत्या, त्यात हिंदुस्थानी ब्रिगेडही होती आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. परतलेल्या जवानांच्या पेटीत सेन असणे साहजिक होते. महाराष्ट्रात ठिकठिकाणी जी उशिराची, हलकी जपानी नाणी निघतात, त्यांतली काही ह्या वाटेने आलेली असावीत असा आमचा अंदाज आहे.

कोबेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. तिथे 1935 मध्ये जपानमधली पहिली मशीद उभी राहिली. पैसा उभा केला तो तिथे तिजारत करणाऱ्या मुसलमानांनी, आणि त्यात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात आसपासचा भाग जळून गेला, 1995 च्या भूकंपात शहर हादरले, पण मशीद उभी आहे. असो, नाण्यांकडे वळू.

ह्या नाण्यांना जुनी माणसे तांब्याचे पैसे म्हणतात. तशी ती कांस्याची आहेत, पण आपल्या घरातल्या काशाच्या वाटीसारखी नव्हेत. ड्रॅगनच्या सेनमध्ये शंभरात 98 भाग तांबे, 1 कथील आणि 1 जस्त, म्हणून रंग तांब्याचाच दिसतो. ही मालिका 1873 पासून सुरू झाली: 2 सेन, 1 सेन, अर्धा सेन आणि अगदी चिमुकला 1 रिन. 2 सेनचे वजन 14.26 ग्रॅम. आपला राणीछाप रुपया बरोबर तोळ्याचा, हा त्याहून जड आणि किंचित मोठा. 1 सेन बरोबर निम्मा, 7.13 ग्रॅम. इंग्रजांचा पाव आणा साडेसहा ग्रॅमच्या आसपास होता, त्यामुळे घासलेला सेन पाव आण्यांच्या ढिगात बेमालूम मिसळून जातो. आमच्याकडचे दोन सेन असेच पाव आण्यांच्या पुडीत मिळाले.

आम्हा व्यापाऱ्यांना आवडावी अशी गोष्ट दुसऱ्या बाजूला आहे. त्या बाजूवर एक ओळ कोरलेली असते. 1 सेनवर तिचा अर्थ असा की अशी शंभर नाणी दिल्यास एक येन मिळेल. 2 सेनवर पन्नास, अर्ध्या सेनवर दोनशे. नवा पैसा लोकांच्या गळी उतरवायचा होता. जुन्या चौकोनी भोकाच्या नाण्यांची सवय असलेल्या जनतेला हिशेब नाण्यानेच सांगितला. आपल्याकडे 1957 मध्ये 'नया पैसा' निघाला तेव्हा त्यावरही रुपयाचा शंभरावा भाग असे छापले होते, ते वाचकांना आठवत असेल.

आता वाचायचे कसे, ते सांगतो. आमची तालीम उर्दू माध्यमातली, आणि ह्या बाबतीत तिचा फायदाच झाला. युद्धापूर्वीच्या जपानी नाण्यांवर आडवा मजकूर सहसा उजवीकडून डावीकडे जातो. उर्दू वाचणाऱ्याचा डोळा आपोआप बरोबर जागी सुरुवात करतो! पहिली तीन अक्षरे पाठ करावीत. पहिले म्हणजे हात-पाय फाकून उभा राहिलेला माणूस, दुसरे मध्ये आडवी पट्टी असलेली खिडकी, तिसरे बुंध्याशी एक रेघ मारलेले झाड. हे झाले 'दाइ निप्पॉन', म्हणजे महान जपान. ही तीन अक्षरे असतील तर नाणे बादशाही काळातले. युद्धानंतर तो 'महान' गेला आणि नुसते जपान राहिले.

त्यापुढे बादशहाच्या कारकिर्दीचे नाव आणि वर्ष. मोगल रुपये ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे नवे नाही. आपल्या नाण्यांवर हिजरी सन असतो आणि सन-ए-जुलूस, म्हणजे बादशहा गादीवर आल्यापासूनचे वर्ष, असतो. जपान्यांनी फक्त जुलूसच ठेवला. कारकिर्दी तीनच लक्षात ठेवायच्या. मेइजीच्या वर्षात 1867 मिळवा, ताइशोच्या वर्षात 1911, शोवाच्या वर्षात 1925. मेइजी 10 म्हणजे 1877, शोवा 10 म्हणजे 1935. आकडे सोपे आहेत: एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, आणि दहा म्हणजे बेरजेची खूण. दोन रेघांखाली बेरजेची खूण आली की वीस. आमच्या नातवाने हे अर्ध्या तासात शिकून घेतले आणि आम्हालाच दोनदा दुरुस्त केले.

एक मौलवी दोस्त आमची पेटी पाहून म्हणाले, तस्वीरवाली नाणी का जमवता? आम्ही म्हटले, हजरत, जपानने कधी आपल्या बादशहाचा चेहरा नाण्यावर घातला नाही. तुमच्या आमच्या घरात जॉर्ज बादशहाचे मुंडके असलेले पाव आणे पडून आहेत, त्याचे काय? ते हसले. पण अजदह्याचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, हेही लिहिले पाहिजे.

1898 मध्ये सेनवरचा ड्रॅगन गेला. त्याच्या जागी सूर्याचे किरण आणि भाताच्या लोंब्या आल्या. वजन तेच राहिले. पण 1916 पासून सेन एकदम 3.75 ग्रॅमवर आला, जवळजवळ निम्मा. त्यावर किरी नावाच्या झाडाचे फूल. पहिले महायुद्ध चालू होते आणि धातू महागला होता. 1938 हे साल तर पाहण्यासारखे आहे. चीनशी लढाई पेटली होती. त्या एका वर्षात 1 सेन कांस्यात पडला, मग पितळेत पडला, मग अॅल्युमिनियममध्ये पडला. त्या अॅल्युमिनियमच्या सेनचे वजन पुरते एक ग्रॅमही नाही, 0.9 ग्रॅम. पुढे 1941 मध्ये ते आणखी कमी करून 0.65 केले, आणि 1944 मध्ये कथील-जस्ताचे सेन आले. शेवटी 1945 मध्ये मातीची भाजलेली नाणी तयार केली, पण ती चलनात यायच्या आत लढाई संपली. ज्या धंद्यात मालाचे वजन असे दर साली घटते त्याचे पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आमच्या पेटीत ह्या क्रमाने पाच सेन एका ओळीत ठेवले आहेत, आणि आम्हाला तीच ओळ सर्वांत जास्त प्रिय आहे.

आपल्या मुलखाच्या दृष्टीने त्यात आणखी एक तारीख आहे. 1933 मध्ये सरकारने जपानी कापडावर 75 टक्के जकात बसवली. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापूस घेणे बंद केले. मंदी आधीच होती, त्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक गेला. जानेवारी 1934 मध्ये समझोता झाला तो असा की जपानने वर्षाला 10 लाख गाठी घ्याव्यात तर त्याला 32.5 कोटी यार्ड कापड इथे विकता येईल. 15 लाख गाठी घेतल्या तर 40 कोटी यार्ड. म्हणजे कापूस आमचा आणि कापडही आमच्याच बाजारात. आमच्यासारख्या कापडवाल्यांच्या आजोबांनी ते जपानी कापड विकले आणि त्याच गावच्या शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली, हे कबूल केले पाहिजे. शोवा 8 आणि शोवा 9 चे सेन हातात आले की ही गोष्ट आठवते. 1941 च्या जुलैत जपानची मालमत्ता गोठवली गेली आणि हा व्यवहार संपला. खुद्द जपानात सेन आणि रिन 1953 अखेर कायद्याने चलनातून गेले.

आता भावाविषयी, कारण हे व्यापाराचे पान आहे. साफ सांगतो: ह्या नाण्यांत श्रीमंती नाही. टांकसाळीने ती कोट्यवधींनी पाडली. झिजलेल्या सेनचे मोल चहा-नाश्त्याच्या बिलाएवढे असते. ड्रॅगनच्या अंगावरचे खवले एकेक मोजता येत असतील, कड शाबूत असेल आणि नाणे कधी घासलेले नसेल, तरच भाव चढतो, आणि मग तो अनेक पटींनी चढतो. म्हणून पहिली ताकीद: घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितळ चमकवायची भुकटी, काही लावू नका. तपकिरी झाक हीच त्याची अब्रू आहे. आम्ही सुरुवातीला अकरा नाणी चिंचेच्या कोळात घालून लख्ख केली आणि सगळ्या घराला दाखवली. मुंबईच्या एका जाणकाराने ती पाहून एवढेच विचारले की वरणात घालणार होता काय! ती अकरा नाणी आजही तशीच आहेत, कोणी घेत नाही. ठेवायची तर कागदी पाकिटात ठेवा. वासाच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाण्याला हिरवा चिकटपणा धरतो. आपला उन्हाळा नाण्यांना बरा, पावसाळा वाईट.

दुसरी ताकीद लबाडीची. चौकोनी भोकाची पिवळी नाणी लाल दोऱ्यात ओवून 'जुनी जपानी' म्हणून विकतात, ती बहुतेक शोभेची नवी चिनी पितळी असतात. खरी जुनी जपानी भोकाची नाणी बहुतेक 1636 पासूनची असतात, पण ती ओतीव, खडबडीत आणि वेगळ्या जातीची. 10 येनचे कांस्याचे नाणे 1951 नंतरचे, त्यावर देवळाची इमारत असते. तेही कोणी बादशाही म्हणून गळ्यात मारतो. लोहचुंबक जवळ ठेवावा: कांस्य चिकटत नाही, लोखंडावर मुलामा दिलेली नक्कल चिकटते. सराफाकडे वजन करावे. आणि फोनवर कोणी जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असे म्हणाला तर फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून असे प्रकार चालले होते म्हणून बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा दिला की आमचा ह्या खरेदी-विक्रीशी काही संबंध नाही. कायद्याचेही भान ठेवावे. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते. परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. आणि विक्रीसाठी म्हणून नाणी साठवली असतील तर तो माल-ए-तिजारत झाला, जकातीचा हिशेब आलिमांना विचारून करावा.

इथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. तीसेक वर्षांपूर्वी अमरावतीच्या इतवारा बाजारात एका तरुणाने आम्हाला एक 2 सेन दाखवला. वडील नुकतेच वारले होते, घरातले सामान विकत होता. ड्रॅगन असा की काल पाडल्यासारखा. त्याने 15 रुपये मागितले. आम्हाला त्याची किंमत माहीत होती. आम्ही 15 रुपये दिले, वर एक शब्द बोललो नाही, आणि महिन्याभरात मुंबईला 600 ला विकला. त्याने मागितले ते दिले, त्यात लबाडी काय, असे आम्ही स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. कापडात आम्ही कधी थानाचा डाग लपवला नाही, पण इथे माहिती लपवली. दोन वर्षांनी त्या मोहल्ल्यात चौकशी केली. ते घर रिकामे होते, मंडळी मागांच्या कामाला सुरतेकडे गेल्याचे कळले. त्या नावाची रक्कम आम्ही सदका केली, पण ज्याचे देणे होते त्याला ते पोहोचले नाही. वहीत ते खाते उघडेच आहे.

म्हणून खालांना आम्ही खुर्ची दिली, चहा मागवला आणि सहाही नाणी एकेक करून समजावली. चार सेन झिजलेले, त्यांचे फार येणार नाही. मोठ्यांपैकी एकाला भोक पाडलेले, कधीतरी कोणा लेकराच्या गळ्यात असावे, त्याचीही किंमत गेली. पण दुसरा 2 सेन, मेइजी 10 चा, चांगला आहे. तो एकटाच तांबेवाल्याच्या सगळ्या हिशेबाच्या पंधरा-वीस पट जाईल. आम्ही स्वतः घ्यायला तयार आहोत, पण आधी आणखी दोघांना दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपूरला मध्यवर्ती संग्रहालय आहे, तिथे नाण्यांची जाण असलेली माणसे भेटतात.

खालांनी सगळे ऐकून घेतले. भोकाचा पैसा हातात धरून बराच वेळ पाहत बसल्या. मग सहाही नाणी बटव्यात घातली, मुलगा पुण्याला असतो त्याला विचारून सांगते म्हणाल्या, आणि चादरींच्या बिलात आणखी वीस रुपये कमी करून घेतले. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.